न बघता दिलेली ट्यूब

लघवीच्या जागी खाज, आग, फोड किंवा स्राव सुरू झाला की आपल्याकडं मनात पहिला शब्द येतो तो ‘गुप्तरोग’. मग माणूस गप्प तरी बसतो, नाहीतर औषधाच्या दुकानात गर्दी ओसरायची वाट बघत उभा राहतो आणि हळू आवाजात ‘ती ट्यूब’ मागतो. या तक्रारींतल्या पुष्कळशा शरीरसंबंधातून आलेल्याच नसतात. त्यांच्यामागं बुरशी असते, वाढलेली साखर असते, साबण असतो, कधी वय असतं, तर कधी चक्क जुलाबाची गोळी असते. या विषयावर दोन माणसांना मी इथं समोरासमोर बसवलं आहे. काका बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर मेडिकल चालवतात. त्यांची पुतणी त्वचारोगतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या गावी बसते. दोघंही रचलेली. दिवस दसऱ्याच्या आसपासचे, ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधीचे. माणसं सहा महिन्यांची औषधं पिशवीत बांधून न्यायला येतात.

काका : आल्यापासून त्या कपाटाकडंच बघतीयेस. बोल काय ते.

पुतणी : त्या ट्यूबा, काका. एकीत चार औषधं. दिवसाला किती जातात?

काका : कोण मोजतंय! पावसाळ्यात तापाच्या गोळीच्या खालोखाल तीच. माणूस येतो, जांघेकडं बोट दाखवतो, मी देतो. दोन दिवसांत खाज थांबते. पंधरा दिवसांनी भावाला घेऊन येतो. गुण आला नसता तर आला असता का?

पुतणी : भावालाही नायटा झाला म्हणून आला. त्या ट्यूबमध्ये बुरशीवरचं औषध आहे, जंतूंवरची दोन आहेत आणि क्लोबेटासॉल आहे. म्हणजे कातडीला लावायच्या स्टेरॉइडांतलं सगळ्यांत जहाल. खाज थांबते ती त्यानं. बुरशी मरत नाही, उलट शरीर तिच्याशी भांडायचं थांबतं. नायट्याची कड लाल, उठलेली, गोल असते, त्यावरनं तो ओळखू येतो. स्टेरॉइडनं ती कडच पुसली जाते आणि नायटा कमरेपर्यंत, मागं ढुंगणावर पसरतो. एरवी अंडकोशावर आणि शिश्नावर नायटा सहसा चढत नाही. या ट्यूबा लावलेल्यांच्या मी तिथंही बघितलाय. वर जांघेतली कातडी इतकी पातळ होते की बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे वण उमटतात. ते आयुष्यभर जात नाहीत.

काका : मग कंपन्या काढतात कशाला? सरकार विकू देतं कशाला?

पुतणी : २०१८ मध्ये सरकारनं कातडीला लावायची बरीच स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये टाकली. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत.

काका : चिठ्ठी! शेड्यूल एच बघत बसलो तर दुपारी बारालाच शटर ओढावं लागेल. तुझी फी, एसटीचं भाडं, बुडालेला रोज धर. जांघेतल्या खाजेसाठी कोण एवढं करतो? मी नाही दिली तर समोरचा देतो.

पुतणी : देतो, खरं आहे. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी एका बुरशीला नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. जपानमध्ये राहणाऱ्या एका भारतीयाच्या आणि एका नेपाळी माणसाच्या अंगावर सापडली. टर्बिनाफिन हे नायट्यावरचं नेहमीचं औषध तिच्यातल्या बऱ्याच वाणांवर चालत नाही. न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण निघाल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. आपल्याकडं नायटा पूर्वी दोन-तीन आठवड्यांत जायचा, आता दोन-दोन महिने गोळ्या द्याव्या लागतात. सगळा दोष ट्यूबांचाच असं मी म्हणत नाही, पण त्यांनी हातभार लावला.

काका : बरं, मग नुसतं बुरशीचं मलम द्यायचं?

पुतणी : डाग लहान, एखादाच असेल तर साधं क्लोट्रिमॅझॉल किंवा ल्युलिकोनॅझॉल चालतं. डागाच्या बाहेर दोन बोटं कातडीवरही लावायचं आणि डाग गेल्यावरही दोन आठवडे सोडायचं नाही. पसरला असेल तर इट्राकोनॅझॉल लागतं, ते माझ्यासारखीनं लिहून द्यायचं. हृदय कमजोर असलेल्याला ते चालत नाही. कॅप्सूल जेवणावर घ्यायची असते आणि तिला पोटात आम्ल लागतं. तुम्ही सोबत सवयीनं ॲसिडिटीची गोळी देता ना, ती तिचा अर्धा जोर काढून घेते.

काका : हे कुणी सांगितलं नव्हतं.

पुतणी : औषध निम्मंच काम करतं, बाकीचं घरात. एका टॉवेलनं सगळ्यांनी अंग पुसायचं नाही. ओली चड्डी, घामेजली जीन्स तासन्‌तास अंगावर ठेवायची नाही. कपडे उन्हात आत-बाहेर उलटून वाळवायचे. घरात आणखी कुणाला असेल तर त्याचंही औषध एकाच वेळी. आणि करदोटा काढायचा.

काका : करदोटा? सोडवायला सांगून बघ एखाद्याला. देवाचा असतो.

पुतणी : काळा दोरा घामानं भिजतो, कधी धुतला जात नाही. बुरशीला तिथं बारा महिने घर मिळतं. नवा बांधा म्हणते मी, पण बरं झाल्यावर.

इथं मला जरा काकांच्या बाजूनं बोलावंसं वाटतं. पुतणीचं बोलणं पुस्तकाला धरून आहे, पण ज्या ऊसतोड कामगाराला दोनच जोड कपडे आहेत आणि पाचटाच्या कोपीत राहायचं आहे त्यानं कपडे उन्हात उलटून वाळवायचे म्हणजे वाळेपर्यंत अंगावर काय घालायचं, हा प्रश्न उरतो. काकांनीही तोच काढला असता, पण ते दुसरीकडं वळले.

काका : नायट्याचं मानलं. पण परवा एक गडी आला. पन्नाशीचा, रडवेला. पुढची कातडी लाल, चिरा पडलेल्या, आत पांढरा थर, मागं सरकेना. म्हणतो, ‘मी बाहेर कुठं गेलो नाही हो, तरी गरमी झाली.’ मी फ्लुकोनॅझॉलची एक गोळी दिली. बरा झाला. तुझ्याकडं पाठवला असता तर तुझ्या बाकावर चार ओळखीची माणसं भेटली असती.

पुतणी : गोळी बरोबर दिलीत. साखर विचारली?

काका : साखर?

पुतणी : पुढच्या कातडीला चिरा, आत पांढरा थर, सरकायला त्रास. पन्नाशीच्या पुरुषात एवढं दिसलं की मी आधी रक्तातली साखर बघते. कित्येकांचा मधुमेह असाच सापडतो. कॅन्डिडा नावाची बुरशी एरवीही अंगावर असते, साखर वाढली की माजते. आणि मधुमेह आधीपासून असेल तर गोळी कोणती चालू आहे ते विचारायचं. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर कारण सापडलंच. त्या गोळ्या जादा साखर लघवीवाटे बाहेर काढतात. लघवी गोड, तर बुरशीला रोजचं जेवण.

काका : त्या तर आता ढिगानं जातात. २०२० मध्ये पहिलीचं पेटंट संपलं, २०२५ मध्ये दुसरीचं. भाव पार खाली आले.

पुतणी : चांगलंच झालं. हृदयाला आणि किडनीला त्या गोळ्या फार उपयोगी आहेत, घाबरून बंद करायच्या नाहीत. फक्त देताना एक वाक्य सांगायचं, की लघवीनंतर पाण्यानं धुवा आणि कोरडं करा. डेटॉल नको, साबणही नको. त्रास पुन्हा पुन्हा झाला तर लिहून देणाऱ्या डॉक्टरला सांगा. बाईला आणि पुरुषाला, दोघांनाही हेच लागू.

काका : डेटॉल का नको? माणसं स्वच्छतेसाठीच घालतात की.

पुतणी : भीतीनं घालतात. शंका आली की डेटॉलच्या पाण्यानं धू, फिटकरीनं चोळ, लिंबू पिळ. त्या कातडीची जळजळ मग आठवडाभर चालते आणि माणसाची खात्री पटते की रोग मोठा आहे. वास येणारे साबण, बायकांसाठी विकतात ते ‘इंटिमेट वॉश’, केस काढायची क्रीमं, काहींना पॅडचं प्लास्टिक, सगळ्यांची तीच गोष्ट. औषध काय, तर ते बंद करायचं, साधं पाणी वापरायचं आणि वर पांढरं व्हॅसलिन लावायचं. तुमच्या दुकानात त्याच्यावर काही सुटत नाही, एवढंच.

काका : टोमणे नकोत. आणखी काय माझ्या दुकानातनं निघतंय ते सांगून टाक.

पुतणी : खरंच सांगू? जुलाबाची गोळी.

काका : ती कशी काय?

पुतणी : ऑफ्लोक्सासिन आणि ऑर्निडॅझॉलची जोडगोळी. पोट बिघडलं की तुम्ही तीच देता. काही माणसांना या औषधांची एक चमत्कारिक ॲलर्जी असते. गोळी घेतल्यापासून काही तासांत, फार तर दोन दिवसांत, शिश्नाच्या टोकावर किंवा ओठावर लाल गोल चट्टा उठतो, आग होते, फोड येऊन फुटतो. आठ-दहा दिवसांत बरा होतो, मागं काळपट-जांभळा डाग राहतो. पुन्हा कधी तीच गोळी पोटात गेली की पुन्हा तिथंच, अगदी त्याच जागी. सल्फाच्या गोळीनं होतं, अंगदुखीच्या गोळ्यांनी होतं, डॉक्सिसायक्लिननंही होतं. मराठीत नाव नाही, आम्ही फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतो.

काका : म्हणजे जखम जननेंद्रियावर आणि कारण पोट?

पुतणी : आणि संसार मोडायची वेळ. एक ट्रकवाला बायकोबरोबर आला होता. तिची खात्री, हा धाब्यावर कुठंतरी गेला. तो देवाच्या शपथा घेत होता. धाब्यावरचं खाऊन त्याचं पोट बिघडायचं, गोळी घ्यायचा, चट्टा उठायचा. त्याच्यावर तीन ठिकाणी गुप्तरोगाचे उपचार झाले होते. शेवटच्या डॉक्टरनं जे प्रतिजैविक दिलं त्यानं तर आणखीच चिघळलं, कारण तेही त्याच घराण्यातलं. मी दोघांना समोर बसवून तारखा लावल्या. प्रत्येक चट्ट्याच्या आदल्या दिवशी जुलाब. औषध म्हणाल तर ती गोळी कायमची बंद आणि खिशात एक चिठ्ठी, ‘हे औषध मला चालत नाही’. बाकी चार दिवस मलम.

काका : बायकोचं समाधान झालं?

पुतणी : तपासण्या तरीही केल्या. एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्ततपासणी स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात फुकट होते. शंका मनात ठेवण्यापेक्षा रक्त दिलेलं बरं. माझं म्हणणं असं नाही की गुप्तरोग नसतातच. जखम आहे पण दुखत नाही, जांघेत गाठ आहे, शिश्नातून पू येतोय, नवा संबंध आलाय, अशा वेळी आधी तेच बघायचं.

काका : आता माझं ऐक. हे सगळं पुरुषांचं झालं. बायका दुकानात येतच नाहीत. पोराच्या हातात चिठ्ठी देतात, किंवा नवरा येऊन सांगतो ‘मंडळींचं पांढरं जातंय’. मी काय करू, त्याच्या बायकोला बघायला जाऊ? आणि बघण्याचं एवढं मोठं सांगतेस, तर सरकारी दवाखान्यात काय करतात? पांढरं जातंय म्हटलं की हिरवं किट. सेक्निडॅझॉल आणि फ्लुकोनॅझॉल. हेच मी दिलं की गुन्हा?

पुतणी : (जरा थांबून) मुद्दा आहे. ते किट काढलं तेच मुळी प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणांसाठी. पण त्यातही शक्य असेल तिथं आतून तपासायला सांगितलंय, आणि किट देण्याआधी चार प्रश्न विचारायचे असतात. सगळंच पांढरं म्हणजे आजार नव्हे. पाळीच्या मधल्या दिवसांत, गरोदरपणात पातळ, बिनवासाचं, बिनखाजेचं जातं, ते शरीराचं रोजचं काम आहे. दह्यासारखं घट्ट आणि खाज असह्य, तर कॅन्डिडा. चारांतल्या तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी होतो. अँटिबायोटिक घेतल्यानंतर होतो, गरोदरपणात होतो, साखरेनं होतो. क्लोट्रिमॅझॉलची आत ठेवायची गोळी किंवा फ्लुकोनॅझॉल १५० मिलिग्रॅमची एकच गोळी. गरोदर बाईला मात्र पोटातली गोळी नाही, आत ठेवायचीच.

काका : आणि वास येत असेल तर?

पुतणी : पातळ, करडं, मासळीसारखा वास, खाज फारशी नाही, तर योनीतल्या चांगल्या जंतूंची जागा दुसऱ्यांनी घेतलेली असते. बॅक्टेरियल व्हजायनोसिस. मेट्रोनिडॅझॉल ४०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. आतून धुणाऱ्या बायकांना हे जास्त होतं, कारण धुताना चांगले जंतूच वाहून जातात. तिसरं हिरवट-पिवळं, फेसाळ, ते ट्रायकोमोनास. ते मात्र संबंधातून येतं, नवऱ्यालाही औषध लागतं.

काका : म्हणजे पहिले दोन नवऱ्याकडनं येत नाहीत, हे नक्की?

पुतणी : कॅन्डिडाचं जवळजवळ नक्की. नवऱ्याला खाज नसेल तर त्याला औषध द्यायचं कारण नाही. दुसऱ्याचं आता तितकंसं सरळ राहिलं नाही. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचे निकाल आले. नवऱ्यालाही गोळ्या आणि मलम दिलं तर बारा आठवड्यांत आजार उलटण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ वर आलं. म्हणून पुन्हा पुन्हा होत असेल तर मी दोघांनाही बोलावते.

काका : बोलावतेस. येतात?

पुतणी : काही येतात.

काका : गडचिरोलीचं ऐकलंयस ना? राणीताई बंगांच्या पाहणीचं.

पुतणी : ऐकलंय म्हणजे! १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोन गावांतल्या ६५० बायका, तपासल्यावर शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि पूर्वी तपासणी झालेल्या शंभरात फक्त आठ.

काका : मग तेच म्हणतोय मी. बघणारं कुणी नाही. तू म्हणतेस न बघता औषध देऊ नका, म्हणजे औषधच देऊ नका असं झालं.

पुतणी : आणि न बघता दिलेल्या औषधांची शेवटची पायरी आपल्याच जिल्ह्यात बघितली की आपण. पांढरं जातंय, कंबर दुखतेय, पाच-सात वर्षं गोळ्या खाल्ल्या, गुण नाही, तर काढा गर्भाची पिशवी.

काका : थांब. पिशव्या मी काढल्या? २०१९ मध्ये सरकारनं समिती नेमली, ऊसतोडणीच्या ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्या सगळ्यांना कुणीतरी ‘बघितलं’ होतं. सोनोग्राफी करून, फोटो हातात देऊन, ‘कॅन्सर होईल’ असं सांगून. माझ्या चाळीस रुपयांच्या ट्यूबनं कुणाचा अवयव गेला नाही.

यावर पुतणीकडं उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडंही नाही. बघणं म्हणजे यंत्र लावणं नव्हे, असं ती नंतर म्हणाली. स्रावाचा एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, एक कागदी पट्टी लावून आम्लता बघायची, पाच-दहा मिनिटांत कळतं. पण हे पाच मिनिटांचं काम फारशा ठिकाणी होत नाही, कारण त्याचं बिल होत नाही. सोनोग्राफीचं होतं.

काका : बरं, एक सांग. मागल्या महिन्यात तुझ्या लेटरपॅडवरची चिठ्ठी आली. सत्तरीची म्हातारी. लिहिलेलं क्लोबेटासॉल, मांडीच्या मध्ये लावायला, महिनाभर रोज रात्री! मी ती चिठ्ठी जपून ठेवलीय. माझ्या ट्यूबमध्ये जहर आणि तुझ्या चिठ्ठीत अमृत?

पुतणी : (हसत) वाटच बघत होते. त्या आजींना लायकेन स्क्लेरोसस आहे. जास्त करून पाळी गेल्यानंतरच्या बायकांत होतो. कातडी पांढरी, कागदासारखी सुरकुतलेली, रात्री झोप लागू न देणारी खाज, चिरा. वाढत गेला तर योनीचे ओठ चिकटतात, वाट अरुंद होते. उपचाराविना राहिला तर शंभरांत दोन-चार जणींना पुढं कॅन्सर होऊ शकतो. त्याच्यावर जगभर पहिलं औषध हेच, नुसतं क्लोबेटासॉलचं मलम. महिनाभर रोज, दुसरा महिना एक दिवसाआड, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा. आजी नऊ वर्षं बुरशीची मलमं लावत होत्या. एकानंही लुगडं वर करायला सांगितलं नव्हतं.

काका : म्हणजे औषध तेच.

पुतणी : औषध तेच. त्या वयात नुसती कोरड, आग, वरचेवर लघवीची जळजळ असेल तर ते पाळी गेल्यामुळं. त्याला इस्ट्रोजेनचं मलम असतं, आतून लावायचं. तेही फारसं कुणी लिहीत नाही. म्हातारीला तिथं काय दुखणार, असं धरून चालतात सगळे.

काका : आणि ही पोरं येतात मोबाइलवर फोटो दाखवत, बारीक दाणे म्हणून?

पुतणी : शिश्नाच्या टोपीच्या कडेनं ओळीत मोत्यासारखे एकसारखे दाणे, किंवा कातडीखाली पिवळसर ठिपके. दोन्ही शरीराच्या नेहमीच्या घडणीतले. औषध नाही, जाळायचे नाहीत, खाजवायचे नाहीत. पण अंडकोशावर खाजणाऱ्या गाठी असतील, रात्री खाज वाढत असेल, बोटांच्या बेचक्यात फोड असतील, घरात पोरंही खाजवत असतील तर ती खरूज. परमेथ्रिन ५ टक्के, रात्री मानेपासून तळपायापर्यंत, सकाळी अंघोळ, आठवड्यानं पुन्हा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. कोपीत झोपणाऱ्या सगळ्यांनी म्हणा. गाठी मात्र किडा मेल्यावरही काही आठवडे खाजत राहतात, म्हणून पुन्हा पुन्हा औषध फासायचं नाही. आणि पोराचा एका बाजूचा गोळा अचानक जोरात दुखायला लागला, सुजला, उलटी झाली, तर ट्यूब नाही, गोळी नाही, थेट सर्जन. पीळ पडलेला असू शकतो. सहा तासांच्या आत सोडवला तर वाचतो.

काका : एवढं सगळं मी काउंटरवर विचारायचं? मागं रांग असते.

पुतणी : तीन गोष्टी विचारा. साखर आहे का? गेल्या आठवड्यात नवीन गोळी कोणती घेतली? घरात आणखी कुणाला खाज आहे का? आणि पंधरा दिवसांत गेलं नाही तर माझ्याकडं पाठवा.

काका : पुरुषाला विचारीन. बाईला ‘वास येतो का’ हे मी विचारायचं? दुसऱ्या दिवशी तिचा नवरा दुकानात येईल.

पुतणी : तुम्ही नका विचारू. भिंतीवर फार्मसीचं सर्टिफिकेट कुणाचं लावलंय?

काका : तुझ्या काकूचं.

पुतणी : लायसन्स तिच्या नावावर, आणि ती मागं भाकरी थापतेय.

काका : संध्याकाळी बसेल ती. पण बायका येतील का?

पुतणी : आधी बसू तर द्या तिला.